पाथर्डी फाट्यावरील आमच्या इमारतीतली सामाईक ईव्ही चार्जिंग सेवा : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकमधील पाथर्डी फाट्याच्या परिसरातील आमच्या इमारतीत ६४ सदनिका आहेत आणि आजच्या घडीला ७ इलेक्ट्रिक मोटारी व १९ इलेक्ट्रिक स्कूटर आहेत. या सगळ्यांसाठी एका खासगी कंपनीची सामाईक चार्जिंग सेवा आम्ही गेल्या वर्षीच्या मे महिन्यात घेतली. मी ती पहिल्या दिवसापासून वापरते आहे. माझी टियागो ईव्ही २४ युनिट क्षमतेच्या बॅटरीची आहे आणि कामासाठी सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत जाऊन येताना रोज साठेक किलोमीटर होतात. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच पद्धतीने काम करणाऱ्या कंपन्या आता बऱ्याच आहेत आणि पुढे लिहिलेल्या गोष्टी त्यांपैकी कोणाकडूनही सेवा घेताना तपासाव्या लागतील. माझे मत आधीच सांगते. भिंतीवरचा चार्जर चांगला आहे. त्याच्यामागची वायरिंग आणि अर्थिंग सुरुवातीला अतिशय निष्काळजीपणे केलेले होते. आणि करारातील दोन कलमे आम्ही पुरेशी न वाचता मान्य केली, त्यांचा त्रास अजून संपलेला नाही.

ही सेवा येण्यापूर्वी काय चालले होते ते सांगितल्याशिवाय तिचे महत्त्व कळणार नाही. पहिल्या मोटारीच्या मालकांनी वॉचमनच्या केबिनमधील १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावायला सुरुवात केली आणि लिफ्टच्या सामाईक मीटरवर येणाऱ्या विजेपोटी महिन्याला अंदाजे ५०० रुपये असोसिएशनला द्यायचे असे ठरले. काही महिन्यांतच तो सॉकेट पिवळा पडला, प्लग काढताना हाताला चटका बसू लागला, आणि ५०० रुपये कमी की जास्त यावरून प्रत्येक मासिक बैठकीत वाद होऊ लागले. स्कूटरवाले पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडत असत आणि पावसाळ्यात तो बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे. गिझर अर्धा तास चालतो. गाडी त्याच सॉकेटमधून आठ-आठ तास सलग वीज ओढते, आणि सामान्य घरगुती सॉकेट त्यासाठी बनवलेला नसतो.

प्रत्येकाने आपापल्या घरच्या मीटरवरून लाईन का ओढली नाही, हा प्रश्न साहजिक आहे. नियमांची आडकाठी नाही. चार्जिंग केंद्र चालवणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, आणि त्यासाठी परवाना लागत नाही हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. आपल्या घरी किंवा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवरून आपले वाहन चार्ज करता येते, असे जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले आहे. आदर्श इमारत उपविधींमध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन पार्किंगच्या २० टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय असावी असे सुचवले गेले; पण आमची इमारत त्याच्या बरीच आधीची आहे आणि तिच्या मीटर रूममध्ये नवा पाईप घालायलाही जागा उरलेली नाही.

खरी अडचण अंतराची आहे. माझे पार्किंग मीटर रूमपासून वायरच्या मार्गाने ७० मीटर आहे. ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो. त्यासाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर जाऊन-येऊन १४० मीटर तारेत जवळजवळ १४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि सुमारे ४४० वॅट वीज, म्हणजे सहा पंख्यांइतकी, केवळ वायर तापवण्यात जाते. १० चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ही तूट आठ व्होल्टच्या आसपास येते, पण खर्च वाढतो. शिवाय सात जणांनी सात वायरी छताखालून ओढल्या की पार्किंगचे काय होईल, ते जुन्या इमारतींतील केबलवाल्यांच्या जाळ्यांकडे पाहिले की समजते.

म्हणून सामाईक सेवा घेतली. आमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन (मालकी जाहीर करणारा दस्त) केलेली असल्याने पार्किंगची मोकळी जागा सर्वांच्या सामाईक मालकीची आहे, आणि कंपनीला जागा देण्याचा ठराव असोसिएशनच्या सभेत करावा लागला. सभेत आगीची भीती सर्वांत जास्त मांडली गेली, आणि ती भीती मला अनाठायी वाटत नाही. कंपनीने सुरुवातीला सुचवलेली जागा जिन्याखाली, मीटर रूमच्या भिंतीला लागून होती. ती सोयीची होती कारण वायर कमी लागली असती. परंतु आग लागलीच तर माणसांनी उतरायचा मार्ग आणि साऱ्या इमारतीचे मीटर एकदमच अडचणीत आले असते. दोन सभासदांनी हट्ट धरल्यामुळे जागा बदलून कुंपणाच्या भिंतीकडे, वरून पत्रा असलेल्या भागात नेली गेली. त्या दोघांचे इमारतीवर मोठे उपकार आहेत.

प्रत्यक्ष व्यवस्था अशी आहे : टाइप-२ गन (मोटारीत खुपसायचा प्लग) असलेले ७.४ किलोवॅटचे दोन चार्जर, आणि स्कूटर व लहान गाड्यांसाठी ३.३ किलोवॅटचे सहा सॉकेट. महावितरणकडून यासाठी २० किलोवॅटची स्वतंत्र जोडणी घेतली असून तिचे मीटर चार्जिंगच्या वर्गवारीतील आहे, त्यामुळे लिफ्ट आणि पंपाच्या सामाईक बिलाशी त्याचा काही संबंध उरला नाही. वर्षानुवर्षांचे वाद या एका गोष्टीने मिटले. मोबाईलवरील ॲपमध्ये पैसे भरायचे, चार्जरवरचा कोड स्कॅन करायचा आणि गाडी लावायची. पार्किंगमध्ये मोबाईलची रेंज जेमतेम असते, पण चार्जर ब्लूटूथनेही सुरू होतो. ही सोय कंपनीने फार विचारपूर्वक दिली आहे.

सगळे आठही पॉइंट एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालले तर ३४ किलोवॅटच्या वर भार जाईल, आणि जोडणी तर २० चीच आहे. त्यावर उपाय म्हणून पॅनेलमधील यंत्रणा चालू गाड्यांमध्ये भार वाटून देते. रात्री नऊ ते साडेबारा या वेळेत माझ्या गाडीला कधी चार, कधी साडेचार किलोवॅट मिळतात. एकेक करून स्कूटर भरून थांबल्या की वेग पूर्ववत होतो. काही जणांना हा वेग कमी मिळण्याचा राग येतो. मला मात्र ही तडजोड योग्य वाटते, कारण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी सहापर्यंत भरायचेच असते, आणि मोठी जोडणी घेतली असती तर तिचा स्थिर आकार, म्हणजे वापर असो वा नसो दरमहा भरावी लागणारी रक्कम, प्रत्येक युनिटच्या दरात येऊन बसला असता.

दर प्रतियुनिट १३ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५ रुपये ३४ पैसे पडतो. मला महिन्याला १९० च्या आसपास युनिट लागतात आणि २,९०० रुपयांपर्यंत खर्च येतो. याच अंतराला माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला नऊ हजारांच्या वर लागत. घरच्या मीटरवरून हेच स्वस्त पडले असते का, याचा हिशेब मी तीन महिन्यांची बिले समोर ठेवून केला. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढतात व वर १६ टक्के वीज शुल्क लागते. आमच्या घरचा वापर दोनशेच्या आत आहे. गाडीचे युनिट त्यात मिळवले तर त्यांतले शंभरेक दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेले महागड्या तिसऱ्या टप्प्यात जातात. फरक महिन्याला शे-दोनशे रुपयांच्या पलीकडे गेला नाही. ज्यांच्या घरी एसी आहेत आणि वापर आधीच ३०० च्या वर आहे, त्यांना सामाईक चार्जर घरच्या विजेपेक्षा स्वस्त पडतो. याउलट शंभर-सव्वाशे युनिटवर भागणाऱ्या लहान कुटुंबाला, विशेषतः फक्त स्कूटर असेल तर, घरचे मीटरच परवडते. दर महाग की स्वस्त हे आपले बिल पाहिल्याशिवाय कोणीही ठरवू नये.

आता त्या भागाकडे येते ज्याच्यामुळे हे लिहिणे मला आवश्यक वाटले.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, पावसाचा पहिला आठवडा संपत असताना, माझ्या बाजूच्या चार्जरवर लाल दिवा लागून गाडीचे चार्जिंग मध्येच थांबू लागले. ॲपमध्ये अर्थ फॉल्ट, म्हणजे अर्थिंगमध्ये दोष, असा संदेश येई. तक्रार नोंदवल्यावर तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला, त्याने चार्जर बंद करून पुन्हा सुरू केला आणि सांगितले, "ताई, आमचा बॉक्स ओके आहे, तुमच्या बिल्डिंगची लाईन खराब आहे." आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक काका अंबडच्या स्विचगिअर कारखान्यात तीस वर्षे टेस्टिंगला होते. नाशिकमध्ये अशी माणसे प्रत्येक इमारतीत एखादे तरी सापडते, कारण अंबड-सातपूरच्या वसाहतींनी या शहराला विजेच्या उपकरणांची जाण दिली आहे. काका मल्टिमीटर घेऊन खाली आले आणि त्यांनी सॉकेटच्या न्यूट्रल व अर्थ यांमध्ये व्होल्टेज मोजले. ते २२ भरले. मग ते आम्हाला घरी घेऊन गेले आणि तिथल्या सॉकेटमध्ये तेच मोजून दाखवले. ते दीड व्होल्ट होते. तंत्रज्ञाला ते इतकेच म्हणाले, "बॉक्स ओके असेल रे, पण त्याची हिरवी वायर जमिनीला कुठे टेकते ते आधी दाखव."

पॅनेलचे झाकण काढून हिरव्या वायरचा माग काढला, तेव्हा ती लिफ्टच्या जुन्या पॅनेलपर्यंत जाऊन तिथल्या गंजलेल्या लोखंडी पट्टीला एका बोल्टने बांधलेली निघाली. बोल्ट हाताने फिरत होता. पट्टीवरचा गंज नखाने निघत होता आणि त्याखाली आधी दिलेल्या रंगाचा थर तसाच होता. म्हणजे बोल्ट बसवताना पट्टी घासण्याचेही कष्ट कोणी घेतले नव्हते. चार्जिंगसाठी स्वतंत्र अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगची वायर जमिनीत नेणारा खड्डा, केल्याचे कंपनीच्या कागदावर लिहिलेले होते. प्रत्यक्षात तो नव्हताच. गाडीचा पत्रा चार्जिंगच्या वेळी त्या हिरव्या वायरला जोडलेला असतो. गळती झाली तर वीज त्या वायरने जमिनीत जायला हवी. तिला वाट मिळाली नाही, तर ओल्या फरशीवर उभे राहून दरवाजा उघडणाऱ्या माणसाच्या अंगातून ती वाट काढते. त्या दिवशी पार्किंगमध्ये पाणी साचलेले होते आणि माझा मुलगा शाळेचे दप्तर घेऊन गाडीशेजारी उभा होता, हे मी विसरू शकत नाही.

त्याच तपासणीत दुसरी गोष्ट उघड झाली. दोन्ही मोठ्या चार्जरमध्ये गळती ओळखणारे संरक्षण आतच होते, आणि ते व्यवस्थित काम करत असल्यामुळेच चार्जिंग बंद पडत होते. त्या लाल दिव्याने आम्हाला वाचवले. परंतु स्कूटरच्या सहा सॉकेटना फक्त एमसीबी बसवलेले होते, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नव्हता. एमसीबी वायर जळू देत नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. इमारतीतल्या स्कूटर, त्यांतील कित्येक कॉलेजच्या मुलामुलींच्या, त्याच सॉकेटवर एक महिना लागत होत्या.

असोसिएशनने सॉकेट त्या क्षणी बंद केले आणि फोटोंसह पत्र पाठवले. कंपनीने वाद घातला नाही, एवढे मान्य करायला हवे. आठ दिवसांत बागेच्या कडेला नवा अर्थ पिट खणला गेला, तांब्याचा थर असलेला रॉड व पूरक मिश्रण घातले गेले, सहाही सॉकेटना आरसीसीबी बसले, आणि अर्थ टेस्टरने मोजणी करून रोध (जमिनीत जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी तितका चांगला) १.६ ओहम असल्याचा सहीचा कागद मिळाला. जुन्या पट्टीवर तो ११ भरला होता. आमच्या प्लॉटवर बिल्डरने मुरमाचा भराव टाकलेला असल्यामुळे जमीन उन्हाळ्यात लवकर कोरडी पडते व रोध पुन्हा वाढतो, म्हणून मार्चपासून माळी आठवड्यातून दोनदा पिटमध्ये बादलीभर पाणी घालतो. गंमत वाटेल, पण आमच्या चार्जिंग व्यवस्थेच्या देखभालीतले सर्वांत महत्त्वाचे काम ती बादली आहे. पहिल्या भेटीत बॉक्स ओके म्हणणारा तो तरुण तंत्रज्ञ आता दर तिमाहीला स्वतःहून टेस्टर घेऊन येतो आणि काकांना आकडा दाखवूनच जातो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला शिकवून न पाठवणाऱ्यांबद्दल आहे.

त्यानंतर वर्षभरात लक्षात राहावी अशी एकच अडचण आली, पण ती चांगलीच नडली. यंदाच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात मध्यरात्रीनंतर दहा मिनिटे वीज गेली. रात्री साडेअकराला २२ टक्क्यांवर लावलेली माझी गाडी पहाटे पाच वाजता ४३ टक्क्यांवर थांबलेली होती, कारण वीज परत आल्यावर चार्जर आपोआप सुरू होत नव्हता आणि ॲपने तसे कळवलेही नव्हते. त्या दिवशी आईला मुंबईला डॉक्टरांकडे न्यायचे होते. बाहेरच्या जलद चार्जरवर सव्वा तास काढून निघालो आणि वेळ चुकली. अशाच तक्रारी आणखी चौघांनी केल्या होत्या. चार्जरमधील प्रणाली पाच आठवड्यांनी बदलली गेली आणि आता वीज आल्यावर दोन मिनिटांत चार्जिंग पुन्हा सुरू होते. पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकमध्ये रात्रीची वीज जाणे ही नवलाची गोष्ट नाही; ज्या व्यवस्थेचे सगळे काम रात्रीच चालते तिच्यात ही सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

स्कूटरवाल्यांची एक साधी गैरसोय कंपनीने अजूनही दूर केलेली नाही. काही स्कूटरचा चार्जर विटेएवढा वेगळा येतो, आणि सॉकेट भिंतीवर चार फुटांवर असल्याने ती वीट वायरीला लोंबकळत राहते. अखेर आमच्या वॉचमनमामांनी जुन्या दारांच्या फळ्या कापून सॉकेटखाली सहा छोटे कप्पे करून दिले. त्या कप्प्यांचा प्रत्येक स्कूटरवाल्याला रोज उपयोग होतो.

कराराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सभेत दाखवलेल्या सादरीकरणात ही कलमे नव्हती. करार पाच वर्षांचा आहे. महिन्याला किमान ६०० युनिट वापर झाला नाही तर कमी पडलेल्या प्रत्येक युनिटमागे असोसिएशनने ४ रुपये द्यायचे आहेत. पहिल्या चार महिन्यांत गाड्या कमी असल्यामुळे वापर ३५० च्या आसपास राहिला आणि आम्ही दरमहा हजार रुपयांच्या जवळपास भरले. ते पैसे ज्यांच्याकडे कोणतेच वाहन नाही अशा सभासदांच्याही मेंटेनन्समधून गेले, हे मला अजूनही योग्य वाटत नाही. आता वापर हजारच्या पुढे गेल्याने ते कलम आपोआप निष्प्रभ झाले आहे. दुसरे कलम जास्त त्रासदायक आहे : कराराच्या काळात आवारात दुसरी कोणतीही चार्जिंग व्यवस्था बसवता येणार नाही. मीटर रूमला लागूनच पार्किंग असलेल्या एका सभासदांना नव्या गाडीसोबत ७.२ किलोवॅटचा घरगुती चार्जर मिळाला, त्यांना जेमतेम १२ मीटर वायर लागली असती, आणि तो चार्जर आज त्यांच्या माळ्यावर खोक्यात पडून आहे. आपल्या जोडणीवरून आपली गाडी चार्ज करू देण्याचे जे धोरण सरकारने आखले, त्याच्या हे सरळ विरुद्ध जाते. कंपनीचे प्रतिनिधी तोंडी हो म्हणतात; लेखी पत्र अद्याप आलेले नाही.

तरीही ही सेवा काढून टाकावी असे मला वाटत नाही. पाचपैकी मी तिला साडेतीन गुण देईन. कापलेला दीड गुण जवळजवळ सगळा त्या गंजलेल्या बोल्टचा आणि करारातील बंदीचा आहे. चार्जर, दर, स्वतंत्र मीटर आणि बिलातील पारदर्शकता याबाबतीत मी समाधानी आहे.

येत्या महिन्याच्या सभेत आणखी दोन मोठे चार्जर बसवून जोडणी ३० किलोवॅटपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव येणार आहे. मी त्याच्या बाजूने मत देणार आहे, पण तीन गोष्टी ठरावातच लिहून घ्याव्यात अशी दुरुस्ती मी सचिवांकडे दिली आहे : नव्या केबलचा आकार भार व अंतराचा हिशेब जोडून कागदावर असावा, नवे चार्जर वापरात येण्यापूर्वी अर्थचा रोध व आरसीसीबीची चाचणी आमच्या प्रतिनिधीसमोर व्हावी, आणि घरच्या मीटरवरून चार्जर बसवू इच्छिणाऱ्या सभासदांवरची बंदी उठवल्याचे पत्र आधी हातात यावे. आमचे प्रतिनिधी म्हणून काकांनी होकार दिला आहे.